एका कासेतले दोन सड : कोरफड-हळद-चुन्याच्या लेपाचं एक प्रकरण

"डॉक्टर, या वेळी ट्यूब नको. आधीच सांगून ठेवते." गोठ्याच्या उंबऱ्यावर मी बूट धुवत होतो, तेवढ्यात आक्कांनी विषय संपवून टाकला.

अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका, 2024 चा ऑगस्ट. आठ दिवस झड लागलेली. गोठ्यात चार जनावरं: दोन संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गायी, एक कालवड आणि बावीस दिवसांचं वासरू. आजारी होती ती थोरली गाय, चौथ्या वेताची. व्यायल्यावर रोज अठरा लिटरला पोचली होती. आदल्या संध्याकाळी धारेत गुठळ्या दिसल्या आणि सकाळी उजवा मागचा सड हाताला दगड लागावा तसा लागला. आपल्याकडे या रोगाला दगडी म्हणतात ते उगाच नाही. पुस्तकात कासदाह किंवा स्तनदाह लिहिलेलं असतं, पण बोटांना जे कळतं ते दगडीच.

आक्कांच्या नकाराला कारण होतं. मागच्या वेतात याच गायीचा डावा पुढचा सड बिघडला होता. कोणाकडून तरी सडातून आत प्रतिजैविकाच्या (अँटिबायोटिकच्या) तीन ट्यूबा भरून घेतल्या, सूज उतरली, आणि दूध किती दिवस बाजूला ठेवायचं हे कोणी सांगितलं नाही किंवा सांगितलेलं लक्षात राहिलं नाही. शीतकरण केंद्रावर पट्टीच्या तपासणीत प्रतिजैविक निघालं आणि गावाचा कॅन परत आला. एका घराच्या सात-आठ लिटरपायी बाकीच्यांचंही दूध ओतून द्यावं लागलं. त्यानंतरचे पंधरा दिवस आक्का डेअरीत दूध घालायला स्वतः गेल्या नाहीत, सुनेला पाठवत होत्या. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

असं देशभर किती होतं, याचा एक सरकारी आकडा आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली दुधाचे 6,432 नमुने तपासले, त्यात 77 नमुन्यांत प्रतिजैविकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. म्हणजे शंभरात सव्वा. आकडा लहान वाटतो. पण दूध एका घराचं एका पिशवीत जात नाही, टँकरमध्ये मिसळतं, हे लक्षात घेऊन तो वाचावा.

तर आक्कांना "झाडपाल्याचं" हवं होतं. सुनेच्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओही होता. मी झाडपाल्याच्या विरोधात नाही आणि भक्तही नाही. माझी अट एकच होती: आधी गाय नीट बघू द्या, दुधाचा नमुना घेऊ द्या, मग काय लावायचं ते ठरवू.

पहिला दिवस

ताप 102.8 फॅरनहाइट. गायीला शंभर ते साडेएकशेदोन चालतं, म्हणजे किंचित वर. चारा खात होती, रवंथ चालू होतं, डोळे खोल गेलेले नव्हते, कान गार नव्हते. उजवा मागचा भाग गरम, कडक, दाबला की पाय उचलत होती. धार पातळ, ताकावरच्या निवळीसारखी, आणि त्यात फुटलेल्या पनीरसारखा चुरा. रक्त नाही, घाण वास नाही.

हे सगळं इतकं बारकाईनं सांगतोय, कारण घरच्या उपचाराला हो म्हणायचं की नाही, हे याच्यावरच ठरतं. फक्त दूध बिघडलंय, हा पहिला टप्पा. दूध बिघडलंय आणि कासही सुजलीय, हा दुसरा. गाय स्वतः आजारी पडलीय, म्हणजे ताप 104 च्या वर, चारा सोडलाय, बसली तर उठत नाही, सड गार पडून निळसर दिसतोय, हा तिसरा. तिसऱ्या टप्प्यातल्या गायीला लेप लावत बसणं म्हणजे घर पेटल्यावर तुळशीला पाणी घालणं. तिथे सलाइन, इंजेक्शन आणि वेळ यांचंच काम असतं, आणि आपला डॉक्टर सापडत नसेल तर 1962 या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा. आमची गाय दुसऱ्या टप्प्यात होती.

मग पॅडल काढलं. चार खळग्यांची प्लॅस्टिकची थाळी. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्यायच्या, मग एकेका खळग्यात चमचाभराहून थोडं कमी दूध घ्यायचं. जास्तीचं दूध थाळी तिरकी करून सांडायचं, उरलेल्या इतकंच जांभळं द्रावण ओतायचं आणि थाळी गोल-गोल फिरवायची. सूज असली की दुधात पांढऱ्या पेशी लाखांनी येतात. द्रावणातला साबण त्या पेशी फोडतो आणि आतला चिकट ऐवज बाहेर येऊन दुधाची जेली होते. चांगलं दूध पाण्यासारखं फिरत राहतं.

उजव्या मागच्या खळग्यात जेलीचा गोळाच झाला, थाळी तिरकी केली तर तो अख्खा घसरला. आक्का वाकून बघत होत्या. "शेंबूडच की हा," त्या म्हणाल्या. इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

पण मला त्याच्या शेजारच्या खळग्याने जास्त त्रास दिला. डावा पुढचा सड, मागच्या वेतात ट्यूबा भरलेला. बाहेरून एकदम ठीक. सूज नाही, गरमपणा नाही, दूध पांढरंशुभ्र. आणि थाळीत मात्र ते जाडसर होऊन मधोमध गोळा होत होतं, दोन नंबरचं (जेली किती दाट त्यावरून शून्य ते तीन नंबर देतात). धार पूर्ण काढून झाल्यावर सडाच्या मुळाशी चाचपलं तर सुपारीएवढी गाठ हाताला लागली. म्हणजे तो सड बरा झालेलाच नव्हता, नुसता गप्प झाला होता. वर्षभर ते दूध डेअरीत जात होतं, वासरंही पीत होती, आणि धार काढणारा हात तिथून दुसऱ्या सडांकडे जात होता.

दोन्ही सडांची टोकं स्पिरिटच्या कापसाने पुसून निर्जंतुक बाटल्यांत नमुने घेतले, बर्फात ठेवले आणि प्रयोगशाळेला पाठवले. हे काम कुठलंही औषध लावण्याआधी करायचं असतं. लेप लावल्यावर घेतलेल्या नमुन्यातून काय वाढेल याचा भरवसा नाही.

लेप

हा लेप म्हणजे कोणा बाबाचं गुपित नाही. तमिळनाडूतल्या तंजावरचे पशुवैद्यक प्राध्यापक एन. पुण्यमूर्ती यांनी आणि बंगळूरच्या ट्रान्सडिसिप्लिनरी विद्यापीठात एम. एन. बालकृष्णन नायर यांनी पशुपालकांच्या घरगुती औषधांवर बरीच वर्षं काम केलं. त्यातल्या निवडक कृती आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने दूध संघांमार्फत गावोगाव पोचवल्या. दगडीची कृती अशी: कोरफडीचं पान पाव किलो, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम. पानाच्या कडेचे काटे काढून तुकडे करायचे आणि सगळं एकत्र वाटायचं. कास धुऊन, बिघडलेला सड पूर्ण पिळून रिकामा करायचा. मूठभर लेप दीड-दोनशे मिलिलिटर पाण्यात कालवून सगळ्या कासेला लावायचा. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. शिवाय दोन-दोन लिंबं चिरून सकाळ-संध्याकाळ खायला, तीन दिवस.

आक्कांच्या सुनेने, म्हणजे वहिनींनी, मिक्सरमध्ये कोरफड आणि हळद फिरवली, पिवळाधमक गोळा झाला. चुना घालून पुन्हा फिरवला तेव्हा तो डोळ्यांदेखत तांबडा होत गेला. आक्का हसल्या. "अगं, हे तर कुंकू झालं." खरंच आहे. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, हळदीचं कुंकू याच गुणावर होतं. लेप लाल झाला म्हणजे चुना पुरेसा पडला, ही घरबसल्याची खूण.

पण चुन्यापाशी एक थांबा. पानाला लावायचा मऊ, विरलेला चुना घ्यायचा, आणि तोही मोजून. पलीकडच्या वाडीत एकाने "जास्त घातला की लवकर गुण येईल" म्हणून मूठभर चुना घातला होता. तिसऱ्या दिवशी गायीच्या कासेची साल निघाली आणि ती कोणाला हातही लावू देईना. कासेची कातडी माणसाच्या पापणीसारखी नाजूक असते. कळीचा चुना तर लांबच ठेवायचा, तो पाण्यात पडला की उकळायला लागतो. आक्कांकडे सोनाराचा काटा होता का? नव्हता. पण किराणा दुकानातून तोलून पुड्या बांधून आणल्या, पाच दिवसांच्या पाच.

लेप रोज ताजा करायचा. हळदीतलं जे द्रव्य कामाचं मानतात ते कर्क्युमिन, आणि ते चुन्याच्या संगतीत फार काळ टिकत नाही. म्हणूनच प्रयोगशाळेतल्या बशीत हळदीने अमुक जंतू मेले, असं कोणी दाखवलं की मी लगेच टाळ्या वाजवत नाही. बशीतला जंतू उघड्यावर असतो. कासेतला जंतू कातडी, चरबी आणि दुधाच्या नळ्यांच्या पलीकडे बसलेला असतो. लेपातलं किती आत पोचतं, हा प्रश्न बाकी राहतोच. वरची सूज आणि ठणका मात्र गार लेपाने उतरतो, हे हाताला कळतं आणि गायीच्या पायालाही. लिंबाचं मला अजून नीट पटलेलं नाही. त्यातलं क जीवनसत्त्व गायीच्या पहिल्या पोटातच बरंचसं मोडतं. पण चार लिंबांनी कोणाचं नुकसान होत नाही, आणि गाय ती मिटक्या मारत खात होती, म्हणून मी गप्प बसलो.

वेदनाशामक एक इंजेक्शन द्यावं, असं मी सुचवलं होतं. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरू लागली, तेव्हा जनावरांत ते बंद झालं, मेलॉक्सिकॅम चालतं. पण त्यालाही दूध बाजूला ठेवायची मुदत असते, आणि मुदत हा शब्द त्या घरात निघाला की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. मी जास्त रेटलं नाही. तेव्हा बरोबर केलं की नाही, याबद्दल माझं मन आजही दोन बाजूंनी बोलतं.

पन्नास वेळा

दिवसातून दहा वेळा, पाच दिवस, म्हणजे पन्नास वेळा. व्हिडिओत हे एका वाक्यात संपतं. प्रत्यक्षात पहाटे पाचला पहिला हात आणि रात्री दहाला शेवटचा, मध्ये स्वयंपाक, भाताच्या खाचरातलं तण, शाळेचा डबा. आक्कांनी भिंतीवर कोळशाने रेघा मारल्या होत्या. पहिल्या दिवशी आठ, दुसऱ्या दिवशी दहा, तिसऱ्या दिवशी नऊ, चौथ्या दिवशी सात (त्या दिवशी तालुक्याला बँकेत जावं लागलं), पाचव्या दिवशी पुन्हा नऊ. एकूण 43. कागदावरच्या पन्नासपेक्षा या 43 रेघांवर माझा विश्वास जास्त आहे.

प्रत्येक वेळी लेप लावण्याआधी सड रिकामा करायचा होता, आणि ते दूध गोठ्यात ओतायचं नव्हतं. धार जमिनीवर सोडायची सवय सगळ्यांनाच असते. तीच जमीन, त्यावर गाय बसते, तेच जंतू पुन्हा सडाच्या तोंडाशी. वहिनींनी जुनी बादली ठेवली आणि ते दूध लांब खड्ड्यात चुना टाकून पुरलं. वासरालाही ते पाजायचं नाही, हे दोनदा सांगावं लागलं. टाकून देण्यापेक्षा वासराच्या पोटात गेलेलं बरं, असं कुठल्याही घरात वाटतंच.

एक घोटाळा पहिल्याच संध्याकाळी झाला. धारेआधी कास नीट धुतली गेली नाही आणि चांगल्या सडांचं दूध फिकट पिवळं झालं. संकलन केंद्रावरच्या पोराने विचारलं, "काकू, हळदीचं दूध कॅनमध्येच करून आणलं का?" हसण्यावारी गेलं, पण गोष्ट हसण्याची नाही. लेपात चुना आहे, आणि दूध आंबू नये म्हणून सोडा मिसळणारे लोक पकडायला डेअरीत क्षाराची तपासणी होते. दगडीचं दूध आधीच नेहमीपेक्षा क्षारयुक्त असतं, चवीला खारट लागतं ते त्यातलं मीठ वाढल्यामुळे. त्यात वरून चुना पडला तर भेसळीचा ठपका बसायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून धारेच्या अर्धा तास आधी लेप बंद, कोमट पाण्याने धुणं, प्रत्येक सडाला वेगळं कोरडं फडकं. बिघडलेल्या दोन्ही सडांचं दूध कॅनच्या बाहेर.

तिसऱ्या दिवशी सकाळी उजव्या मागच्या भागात बोट दाबलं तर थोडं आत गेलं. ताप 101.6. चौथ्या दिवशी गुठळ्या फक्त पहिल्या दोन धारांत. पाचव्या दिवशी दूध पांढरं. पहिल्या दिवशी नऊ लिटरवर उतरलेली गाय बारावर आली. आक्कांनी गायीला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

प्रयोगशाळेचा कागद

कागद चौथ्या दिवशी आला होता. उजवा मागचा: ई. कोलाय. डावा पुढचा: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, पेनिसिलिनला दाद न देणारा.

आता या दोन नावांत सगळं प्रकरण आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ई. कोलाय शेणातला जंतू. पावसाळ्यात, चिखलात, ओल्या जागी बसलेल्या गायीच्या सडातून आत शिरतो. येतो तो वाजत-गाजत: सूज, ताप, पातळ दूध. कधी गायीला दोन दिवसांत आडवी करतो. पण गाय तगडी असेल आणि दुखणं सौम्य असेल, तर तिच्या पांढऱ्या पेशीच त्याला बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत निपटून काढतात. औषध देवो न देवो. म्हणूनच सौम्य दुखण्यात जंतू कोणता ते कळेपर्यंत एक-दोन दिवस थांबायचं आणि ई. कोलाय निघाला तर प्रतिजैविक द्यायचंच नाही, असं आता बरेच पशुवैद्यक मानतात.

म्हणजे उजवा मागचा सड लेपाने बरा झाला, असं मला छातीठोक सांगता येणार नाही. लेप न लावलेली तशीच दुसरी गाय शेजारी उभी असती तर काही बोलता आलं असतं. सूज लवकर उतरली, गायीला आराम पडला, सड वारंवार रिकामा झाला, गोठा पाच दिवस कोरडा राहिला, आणि दिवसातून आठ-दहा वेळा कोणीतरी तिच्या कासेला हात लावून बघत होतं. बिघडली असती तर ते तासाभरात कळलं असतं. यातलं किती श्रेय कोरफडीचं आणि किती आक्कांचं, याची वाटणी मी करू शकत नाही. दगडीत झाडपाल्याच्या गुणाच्या ज्या गोष्टी गावोगाव फिरतात, त्यातल्या कित्येक अशाच सडांच्या असाव्यात, असा माझा संशय आहे. गोष्टी खोट्या नसतात. फक्त त्यातला जंतू कोणता होता, हे कोणी बघितलेलं नसतं.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस वेगळ्या जातकुळीचा. तो वाजवत येत नाही. धार काढणाऱ्या हाताने, फडक्याने, यंत्राच्या कपाने एका गायीवरून दुसरीवर जातो, कासेच्या आत बारीक-बारीक गाठी करून त्यांच्या भिंतीआड राहतो, काही तर गायीच्या पेशींच्या आतच लपतात. तिथे लेप पोचत नाही. खरं सांगायचं तर ट्यूबही नीट पोचत नाही. तरुण गाय आणि ताजं दुखणं असेल तर आशा असते. चौथ्या वेताची गाय, वर्षभराचं जुनं दुखणं, हाताला लागणारी गाठ आणि पेनिसिलिनला न जुमानणारा जंतू, असं सगळं एकत्र आलं की कुठलाही प्रामाणिक डॉक्टर खांदे पाडतो.

तिसरी एक शक्यता होती, ती इथे घडली नाही म्हणून सांगून ठेवतो. कागदावर स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टी आला असता, तर आक्का काही म्हणोत, मी त्याच दिवशी ट्यूबसाठी हटून बसलो असतो. तो जंतू पसरतो भराभर, पण पेनिसिलिनला आजही बहुधा लवकर नमतो. जिथे हमखास औषध आहे तिथे नैसर्गिकच्या नादाने आठवडा घालवणं म्हणजे गायीचा सड घालवणं.

थाळी काय म्हणाली

आक्कांच्या लेखी दोन्ही सड बरे होते. लेप सगळ्या कासेला लागलाच होता, त्यामुळे डाव्या पुढच्यालाही त्याच हाताने, तितक्याच वेळा, तोच लेप मिळाला. एका गायीच्या एका कासेत इतकी सरळ तुलना ठरवून करू म्हटलं तरी जमली नसती.

आठव्या दिवशी उजवा मागचा तीनवरून एकवर आला होता. एकविसाव्या दिवशी त्याचं दूध खळग्यात पाण्यासारखं फिरलं. गाय सोळा लिटरवर स्थिरावली. डावा पुढचा पहिल्या दिवशी दोन, आठव्या दिवशी दोन, एकविसाव्या दिवशी दोन. दूध मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पांढरंशुभ्र. मी थाळी आक्कांच्याच हातात दिली. त्यांनी फिरवली, तिरकी केली, पुन्हा फिरवली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे डोळ्यांनी बघून काय कळतच नाही, असंच ना?"

द्रावणाची बाटली महाग पडते असं कोणाला वाटत असेल, तर कपडे धुण्याच्या पावडरीचं तीन टक्के पाणी करूनही ही तपासणी होते. लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम. जेली तितकी ठसठशीत दिसत नाही, पण एक सड दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे एवढं कळायला पुरतं. दूध मग अर्थातच फेकायचं.

दरम्यान गोठ्यातली खरी कामं झाली, आणि ती कोणत्याही लेपापेक्षा कंटाळवाणी होती. मागच्या बाजूचा खड्डा मुरूम टाकून भरला. वहिनी अंगठा दुमडून धार काढायच्या, बहुतेक जण तसंच काढतात, पण त्याने सडाच्या आतली नळी रगडली जाते. त्यांना मुठीने धार काढायची सवय लावायला दीड महिना लागला, मनगट भरून यायचं. चारा आधी टाकून मग धार, हा क्रम उलटा केला. धार झाल्यावर सडाचं तोंड मिटायला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी जास्तही. तेवढा वेळ गाय उभी राहावी म्हणून मुरघास आणि पेंड धारेनंतर. प्रत्येक सड आयोडिनच्या द्रावणात बुडवायचा. आणि डावा पुढचा सड सगळ्यात शेवटी पिळायचा, त्याआधी दुसरी गाय संपवायची.

दुसऱ्या गायीची तपासणी मी घाबरतच केली. चारही खळगे पाण्यासारखे निघाले.

पुढे

गाय ऑक्टोबरमध्ये भरवली, गाभण राहिली. मे 2025 मध्ये ती आटवायची वेळ आली तेव्हा मी पुन्हा ट्यूबचा विषय काढला. आटवताना भरायची ट्यूब वेगळी असते. दोन महिने गाय दूधच देत नाही, त्यामुळे डेअरीत अडकायची भीती जवळपास नाही, आणि औषध कासेत बराच काळ राहतं. आक्कांनी तारीख भिंतीवर लिहिली, वहिनींनी मोबाइलमध्ये, मी डायरीत. आधीच्या वेळी जे एकाच्याही लक्षात राहिलं नव्हतं ते या वेळी तीन जागी होतं.

जुलैत गाय व्यायली, कालवड झाली. चीक संपून दूध सुरू झाल्यावर नवव्या दिवशी थाळी फिरवली. उजवा मागचा साफ, बाकीचे दोन साफ. डावा पुढचा पुन्हा दोन, गाठ तशीच. म्हणजे तिथे लेपही हरला आणि ट्यूबही. गाय विकावी का, असा विषय घरात दोन दिवस चालला. पाचवं वेत, तीन सडांवर साडेतेरा लिटर, स्वभावाने गरीब. शेवटी ठरलं की तो एक सड कायमचा आटवायचा आणि गाय ठेवायची.

गोठ्याच्या पाण्याच्या वाटेला आता कोरफडीची रांग आहे. गावातून कोणी दगडीसाठी पान मागायला आलं की आक्का पान देतात, पण आधी विचारतात: ताप किती, चारा खाते का, थाळी फिरवली का. वहिनींनी त्यांच्या पॅडलच्या चार खळग्यांपाशी नेलपॉलिशने सडांची नावं लिहून ठेवली आहेत. महिन्यातून एकदा थाळी फिरते, तेव्हा थोरल्या गायीच्या पाळीला डाव्या पुढच्याचा खळगा रिकामा असतो.